देवाच्या कपड्यांचा दावा

अक्का कोर्टात हरली की सेट दोसा खायची. जिंकल्यावर काय खायची हे मला सांगता येणार नाही, कारण मी तिच्या घरात भाडेकरू होते तेवढ्या वर्षांत ती एकदाही जिंकली नाही. कोर्टाच्या मागच्या गल्लीत एक जुनं हॉटेल होतं. तिथे कोपऱ्यातलं टेबल धरायची, कागदांची पिशवी मांडीवर घ्यायची आणि लोण्याचा गोळा त्या जाड, मऊ दोशांवर नीट पसरवून सावकाश खायची. शेजारच्या टेबलावर कधीकधी तिला नुकताच हरवून आलेला वकील बसलेला असे. त्याला ती मान हलवून ओळख द्यायची, एखाद्या वेळी चटणी पुढे करायची. हरलेलं माणूस इतक्या चवीने जेवताना मी दुसरं पाहिलेलं नाही.

अक्का म्हणजे माझी म्हैसूरची घरमालकीण. मी मूळची कोल्हापूरची. हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून म्हैसूरला आले. ऑफिसात पुण्या-नाशिकहून आलेली बरीच मंडळी होती. त्यांनी मला बजावलं की कारखान्याजवळच नवा फ्लॅट बघ, गावातल्या जुन्या मराठी लोकांच्या वाटेला जाऊ नकोस, ते वेगळेच असतात आणि त्यांची मराठी तुला कळायची नाही. मला कोणी असं बजावलं की ते करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मी सरळ गावात गेले, "लेडीज टेलर" अशी पाटी असलेल्या एका घराचा वरचा मजला पाहिला आणि घेऊन टाकला.

घर शिंप्यांचं. कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थायिक झालेलं, विठ्ठलाला मानणारं. घरात मराठीच बोलायचे, पण दर चार शब्दांमागे एक कन्नड, आणि रागावल्यावर सगळंच कन्नड. अक्काचा लाडका शब्द "सुम्मने". सुम्मने म्हणजे उगाच. "सुम्मने बसू नकोस", "सुम्मने रडतीय ती", "सुम्मने ते लोक नाही म्हणतात". पहिल्या महिन्यात मी तिला अहो-जाहो करायची. एक दिवस तिने मशीन थांबवून मला ऐकवलं की तुम्ही-बिम्ही करायचं असेल तर घर खाली कर. तेव्हापासून ती माझी अक्का झाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, माहेर बेट्टदपूरचं. लहानपणी शेळ्यांमागे तिथल्या डोंगरावर चढून चढून आपले गुडघे आणि आपला स्वभाव दोन्ही असे झाले, असं ती सांगायची. गुडघ्यांचं माहीत नाही, स्वभावाचं खरं असावं.

तिच्यासमोर "जाऊ दे" म्हणायची सोय नव्हती. नळाचं पाणी दुपारीच बंद होतं, जाऊ दे. दुकानदाराने कापड आखूड फाडलं, जाऊ दे. असं कोणी म्हटलं की ती चष्मा वर करून विचारायची, "कुठं जाऊ दे?" समोरचा माणूस गोंधळायचा. तिला मात्र उत्तर हवं असायचं. आपण सोडून दिलेली गोष्ट नाहीशी होत नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसते, असं तिचं म्हणणं होतं.

हा स्वभाव तिला कोर्टात घेऊन गेला. आणि वकील तिने कधीच केला नाही. स्वतःचा दावा स्वतः चालवणाऱ्याला कोर्टात "पार्टी इन पर्सन" म्हणतात. हे तिला कळलं तेव्हा ती इतकी खूश झाली की आठवडाभर कोणीही विचारलं काय चाललंय तर ती तेच सांगायची. इंग्रजी तिला बेताचंच येत होतं, पण हे तीन शब्द ती ठसक्यात म्हणायची. वकील का करत नाहीस म्हणून मी विचारलं तेव्हा ती म्हणाली की मी स्वतःचं पोलकं दुसऱ्याकडे शिवायला देते का. मग पुढे हेही म्हणाली की वकिलाला आपलं दुखणं सांगितलं की तो त्याचं भाषांतर करतो, आणि त्या भाषांतरात आपण कुठेच नसतो.

कायदा तिला कळत होता असं मात्र मुळीच नाही. बऱ्याचदा ती चुकीच्या दारात जायची. शिलाई मशीनची नवी मोटर पहिल्याच पावसाळ्यात जळली, तर ही बाई ग्राहक मंचात गेली. तिथे दुकानदाराच्या वकिलाने सांगितलं की मशीन धंद्यासाठी घेतलंय, म्हणजे ही ग्राहकच नव्हे. यावर अक्का उभी राहिली आणि म्हणाली की अंगावरचं हे पोलकं मी याच मशीनवर माझ्यासाठी शिवलंय, बघा. असं म्हणून तिने पदर बाजूला करून बाही दाखवली. सगळे हसले आणि तक्रार निकालात निघाली. सरकारी कचेरीशी झालेल्या दुसऱ्या एका भांडणात दिवाणी कोर्टाने तिला सांगितलं की आधी नोटीस द्यायला हवी होती, नोटीस दिल्यावर कचेरीने सांगितलं की हे आमच्याकडे येत नाही, आणि ज्यांच्याकडे येत होतं त्यांनी सांगितलं की मुदत संपली. "आमच्याकडे येत नाही" हे वाक्य तिने आयुष्यात इतक्या तोंडांतून ऐकलं होतं की बोलणाऱ्याने श्वास घेतला तरी तिला कळायचं, आता तेच येणार.

मला हे सगळं सुरुवातीला वेडेपणाच वाटायचं. संध्याकाळी दमून आल्यावर जिन्यात अडवून कोणी दाव्याचा मसुदा वाचून दाखवायला लागलं तर कोणाचंही डोकं फिरेल. माझं फिरायचं आणि मी फाडकन बोलायचीही. तिला त्याचं काही वाटायचं नाही. उलट माझं तोंड बघून ती म्हणायची की तू चांगली भांडतेस, पण तुझं भांडण लवकर संपतं.

पण या झाल्या किरकोळ गोष्टी. अक्काच्या आयुष्यात महत्त्वाचं काम एकच होतं, आणि ते म्हणजे विठोबाचे कपडे.

त्यांच्या समाजाचं एक छोटं विठ्ठल मंदिर होतं, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. तिथल्या मूर्तीचे सणावाराचे कपडे अक्का शिवायची. आधी तिची सासू शिवायची, तिच्याआधी सासूची सासू. विठोबा कमरेवर हात ठेवून उभा, कोपरं बाहेर. त्याला साधी बाही घालता येत नाही. दोन्ही बाजू उघड्या ठेवून बंद लावावे लागतात आणि पुजाऱ्याने ते मागून बांधायचे. यात गुपित काही नव्हतं, समाजात सगळेच शिंपी, सगळ्यांना ते येत होतं. अक्काचं वेगळेपण होतं ते कापडात. तिला चकाकणारं काही चालायचं नाही. ती पातळ सुती कापड आणायची, खळ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायची, आणि त्याच ताग्यातला एक तुकडा कापून भर उन्हाळ्यात दिवसभर स्वतःच्या गळ्याभोवती गुंडाळून वावरायची. गळ्याला टोचला तर तो तागा बाद. देव सकाळपासून रात्रीपर्यंत उभा असतो, त्याला बसायला मिळत नाही, मग निदान कपडे तरी नको का मऊ, हा तिचा साधा हिशोब होता. डिसेंबरात ती त्याला लोकरीचं बिनबाह्यांचं जाकीट घालायची. त्यावरून समाजातली तरुण मंडळी हसायची. थंडी गेली की जाकीट धुऊन आमच्या गच्चीवर वाळत पडायचं आणि मला कपडे वाळत घालायला जागा उरायची नाही.

मंदिराच्या कमिटीचा अध्यक्ष म्हणजे अक्काचा सख्खा धाकटा दीर. पुरुषांचे सूट शिवायचं त्याचं दुकान होतं, माणूस मेहनती आणि तसा सज्जन. त्याचीही अडचण खरी होती. देवळाचं छत गळत होतं आणि समाजातली मुलं बेंगळूरला निघून गेलेली. दाते मिळवायचे तर त्यांना काहीतरी द्यायला हवं. म्हणून कमिटीने असं ठरवलं की यापुढे प्रत्येक एकादशीचा पोशाख एकेका दात्याचा. मखमल, जरीकाम, आणि काठावर दात्याचं नाव भरतकामात. रोजचा फोटो समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायचा, आणि दिराचं म्हणणं होतं की वैनीच्या पांढऱ्या कपड्यांत देव फोटोत दिसतच नाही.

सभा घेऊन त्यांनी ठराव केला, आणि अक्काने इतकी वर्षं सेवा केली म्हणून तिला शाल द्यायचंही ठरवलं. शाल घेऊन दोघं जण घरी आले तेव्हा मी जिन्यात उभी होते. अक्काने शालीचा पोत बोटांत धरून बघितला आणि परत दिली. मला घरी बसवायला आलात, एवढंच म्हणाली. त्यांना कॉफी दिली आणि ते गेल्यावर माझ्याकडून कोरे कागद मागून घेतले.

दावा दाखल झाला. अक्काची मागणी एवढीच होती की मूर्तीचे कपडे शिवणं हा माझा हक्क आहे असं कोर्टाने जाहीर करावं आणि कमिटीला मला अडवू देऊ नये. आता इथे जे कायद्याचं कोडं होतं ते मला कमिटीच्या वकिलामुळे समजलं, म्हणून सोपं करून सांगते. दिवाणी कोर्ट हक्काचे दावे ऐकतं, मानपानाचे ऐकत नाही. पहिला नारळ कोणाचा, पालखीला खांदा कोणी द्यायचा, प्रसाद आधी कोणाला, असल्या भांडणांत कोर्ट पडत नाही. ते तुमचं तुम्ही बघा म्हणतं. मात्र देवळात एखादं पद असेल, त्या पदाला नेमून दिलेलं काम असेल, तर ते पद कोणाचं हे कोर्ट ठरवू शकतं. कमिटीचं म्हणणं, कपडे शिवणं हा नुसता मान आहे, त्यामुळे हा दावा कोर्टात चालूच शकत नाही. अक्काला दाखवून द्यायचं होतं की ते काम आहे.

मधल्या काळात ती गप्प बसली नव्हती. दर एकादशीला ती कपडे शिवायची, इस्त्री करून परातीत ठेवायची, वर रुमाल झाकायची आणि देवळाच्या दाराशी जाऊन उभी राहायची. कोणी आत घ्यायचं नाही. आरती झाली की परात घेऊन घरी. लोक तिच्याकडे बघेनात. ज्या बायकांची लग्नातली पोलकी तिने शिवली त्या बायका चपला घालताना मुद्दाम दुसरीकडे तोंड करायच्या. मला ते पाहून असा संताप यायचा की एकदा मी त्यातल्या एकीला गाठून चांगलं सुनावलं. ती बिचारी मराठी कळत नाही असं दाखवून निघून गेली. अक्काच्या उभं राहण्याने दात्यांना संकोच होतो, म्हणून कमिटीने त्याच कोर्टात वेगळा अर्ज दिला: या बाईला कपडे घेऊन देवळात यायला मनाई करा.

सुनावणीच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून तिला स्कूटरवरून कोर्टात घेऊन गेले. न्यायाधीश तरुण बाई होत्या, शांत आवाजाच्या. सगळं कन्नडमध्ये चाललं, मला समजलं तसं मी माझ्या भाषेत सांगते. कमिटीच्या वकिलाने व्यवस्थित मांडलं. नेमणूक नाही, पगार नाही, पदाचं नाव नाही. ही श्रद्धेने केलेली सेवा आहे आणि ती करायला मिळणं हा मान. अक्काने मग बोलायला सुरुवात केली, आणि काय सांगू, इतकी भरकटली. सासूची गोष्ट, मखमलीने अंगाला खाज येते, फोटो काढणं शास्त्रात बसत नाही, व्हॉट्सॲपवाल्यांनाही प्रतिवादी करा. न्यायाधीशबाईंनी तिला थांबवलं आणि एकच प्रश्न विचारला. समजा तुम्ही एखाद्या वेळी कपडे शिवले नाहीत, तर तुम्हाला कोणी जाब विचारू शकतं का?

अक्काने प्रतिवादीच्या बाकाकडे, दिराकडे बोट केलं.

"यांनीच विचारलाय," ती म्हणाली. "माझा नवरा, यांचा भाऊ, आयसीयूत होता. मी बाहेर बाकावर. हे आले, भावाला काचेतून बघितलं, रडले. मग डोळे पुसून मला विचारलं, वैनी, एकादशीचे कपडे झाले का? झाले नव्हते. मी तिथंच बसून हाताने शिवले. मान असता तर त्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी पुढं होऊन घेतला असता. काम होतं, म्हणून ते माझ्याकडेच आलं."

दीर मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, जिंकली.

हरली. निकाल सांगताना न्यायाधीशबाईंनी तिच्याकडे बघून सांगितलं की तुमचं दुःख मला कळतं, पण ही रीत आहे, पद नाही. नेमणुकीचा काही आधार नाही, आणि अशा रितींमध्ये हात घालायचा या कोर्टाला अधिकार नाही. अक्काने ऐकून घेतलं. मग हात वर करून तिने विचारलं की मग यांच्या अर्जाचं काय. ते कोणाच्या लक्षातच नव्हतं. वकील उठून म्हणाला की तो मनाईचा अर्ज मंजूर व्हावा. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. कपडे कोणी आणायचे हे ठरवायचा मला अधिकार नाही असं तुम्हीच सांगितलंत, आता कोणी आणायचे नाहीत हे मी कुठल्या अधिकाराने ठरवू, असं म्हणून त्यांनी तोही अर्ज फेटाळला.

न्यायाधीशबाई चुकल्या असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. कोर्टाने उद्या प्रत्येक देवळाच्या ओवाळणीच्या ताटात बोट घालायला सुरुवात केली तर ते मला तरी कुठे आवडेल? पण त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले. अक्काच्या हातात आता काही उरलं नाही असं मला वाटलं. कोर्टाने दार लावलं, देवळाने आधीच लावलेलं. ती मात्र घरी आल्यावर नवीन तागा धुवायला बसली.

कार्तिकी एकादशी आली. म्हैसूरला त्या दिवसांत पहाटे चांगला गारठा असतो. मी मुद्दाम रजा घेतली होती. या वेळी अक्का दाराशी थांबली नाही. परात घेऊन सरळ सभामंडपात गेली, मी तिच्या मागे. गाभाऱ्याला पडदा लावलेला होता, आत अभिषेक संपत आला होता, पाण्याचा आवाज येत होता. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी एका पाटावर दात्याचा जांभळा मखमली पोशाख तयार ठेवलेला, शेजारी दाता आणि त्याची बायको नवे कपडे घालून उभे. दीर पुढे झाला आणि दोन्ही हात पसरून अक्काच्या समोर उभा राहिला. लोक गोळा झाले. वैनी, कोर्टाचा निकाल झालाय, आता तरी हट्ट सोड, असं तो हळू आवाजात विनवत होता.

अक्काने परात छातीशी घट्ट धरली.

"बाजूला हो," ती म्हणाली. "मानाचं भांडण कोर्ट ऐकत नाही, ते तूच सिद्ध करून घेतलंस. पण मला हात लावलास, तर ते ऐकतं कोर्ट. लाव हात."

ती एक पाऊल पुढे गेली. त्याने हात मागे घेतले, पण वाटेतून हलला नाही. दोघं इतकी जवळ उभी होती की परातीची कड त्याच्या सदऱ्याला लागत होती. मागून कोणीतरी कन्नडमध्ये पोलिसांना बोलवा म्हणालं, दुसऱ्या कोणीतरी त्याला गप्प केलं. तेवढ्यात पडद्यातून पुजारी डोकावला. पोरसवदा माणूस, कमिटीच्या पगारावरचा. आंघोळ झाली, आता काय घालू, असं त्याने अध्यक्षांना विचारलं. त्याच्या मागे पडद्याच्या फटीतून मूर्ती दिसत होती. काळी, निथळणारी, कमरेवर हात. एकही कपडा अंगावर नाही.

दिराने वळून बघितलं. मग दात्याकडे न बघता पुजाऱ्याला म्हणाला, "वैनीचे घे. ओल्यात उभा हाय तो."

आणि बाजूला झाला.

अक्काने उंबऱ्यावरून परात आत दिली. पुजाऱ्याने पडदा ओढून घेतला. पडदा सरला तेव्हा विठोबा पांढऱ्या सुती कपड्यांत उभा होता, दात्याची मखमल त्याच्या पायाशी घडी करून ठेवलेली. आरती सुरू झाली. ज्या बाया तोंड फिरवायच्या त्यातली एक अक्काच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. मी हमसून हमसून रडत होते, मला लाज वाटली नाही. दीर खांबाला टेकून उभा होता, त्याचेही डोळे भरलेले. सगळ्या देवळात कोरड्या डोळ्यांची एकटी अक्काच होती.

घरी येताना ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, फार भरून आलं असेल. दुसऱ्या दिवशीही गप्प. दीर संध्याकाळी फळं घेऊन आला, यापुढे आषाढी-कार्तिकी तुझी, बाकीच्या दात्यांच्या, असं म्हणाला. तिने फळं घेतली आणि हो-नाही काहीच केलं नाही. सोमवारी सकाळी मी कामावर निघाले तर ही फाटकाशी उभी. इस्त्रीची साडी, कागदांची पिशवी. कोर्टात सोड म्हणाली. वरच्या कोर्टात अपील करायचंय.

माझं डोकंच फिरलं. आता कसलं अपील, मी तिला विचारलं. कपडे तुझे घातले, दीर नमला, सगळ्या गावासमोर घातले. आणखी काय पाहिजे तुला?

अक्काने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. इतक्या वर्षांत मी तिला इतकी रागावलेली पाहिली नव्हती.

"त्याला दया आली गे," ती म्हणाली. "देवाची आली का माझी आली, कोण जाणे. दया आली म्हणून दोन सण दिले. उद्या अध्यक्ष बदलला, त्याला नाही आली, मग? माझ्या मागून जी शिवेल तिने काय करायचं? दारात उभी राहून कोणाला दया येते का बघायचं? मला दयेवर नाही शिवायचं. हे काम हाय, असं त्यांनी म्हणायला पाहिजे."

मी विचारलं, वरच्या कोर्टानेही आमच्याकडे येत नाही म्हटलं तर?

"म्हणू दे," ती म्हणाली आणि साडी सावरून स्कूटरवर माझ्या मागे बसली. "मी येते की त्यांच्याकडे."